समुद्रातली घंटा

आपल्या घरांत वेळ विचारायची वाक्यंही दोन असतात. आतून आई विचारते, "किती वाजले रे?" आणि कुंपणापलीकडून शेजारच्या काकू विचारतात, "एष्टु गंटे आय्तु?" दोन्ही वाक्यं जिभेला इतकी सरावाची झाली आहेत की त्यांत नेमकं काय म्हटलंय इकडे कुणाचं लक्ष जात नाही. मराठी माणूस विचारतो, ठोके किती पडले. कानडीत तर 'गंटे' म्हणजे तास आणि 'गंटे' म्हणजेच देवळातली घंटा. आपला 'तास' हा शब्दही त्याच गोतातला. टोले द्यायला धातूची जाड थाळी टांगलेली असे, तिला तास म्हणत. बुडाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यावर सोडायचं, ते भरून बुडालं की घटका भरली, आणि मग तासावर टोला. वेळ ही तेव्हा कानांनी कळायची गोष्ट होती. मनगटावर घड्याळ आलं, नंतर खिशात मोबाइल आला, पण दोन्ही भाषांनी जुनी सवय काही सोडली नाही.

जहाजांवरही असंच होतं. दर अर्ध्या तासाला घंटेचा एकेक ठोका वाढवत न्यायचा, चार तासांची पाळी संपली की आठ ठोके. पण ती घंटा जहाजावरच्या माणसांसाठी. आज मला सांगायचंय ते दुसऱ्या एका घंटेबद्दल. ती जहाजावर नसते, किनाऱ्यावरही नसते. भर समुद्रात एकटी तरंगत असते आणि तिला वाजवायला माणूस लागत नाही.

इंग्रजीतून शिकलेल्या जुन्या मंडळींना 'द इंचकेप रॉक' ही रॉबर्ट साउदीची कविता आठवत असेल. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, पाण्याखाली दडलेला एक खडक. आर्ब्रोथच्या मठाधिपतीनं त्यावर तरंगती घंटा बांधली, लाटा आल्या की ती वाजे आणि खलाशी सावध होत. एका चाच्यानं द्वेषापोटी ती घंटा कापून टाकली आणि पुढे त्याचंच जहाज त्याच खडकावर फुटलं. दंतकथा आहे, पण खडक खरा आहे. रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्यानं बांधलेलं दीपगृह १८११ पासून त्यावर उभं आहे आणि त्या खडकाचं नावच 'बेल रॉक' पडलंय. ('ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या स्टीव्हन्सनचे हे आजोबा.)

दंतकथेतली ती घंटा पुढे लोखंडात उतरली. भलामोठा पोकळ बोया, साखळीनं समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या वजनाला बांधलेला. त्यावर लोखंडी सांगाडा आणि सांगाड्यात घंटा. आपल्या देवळातल्या घंटेचा लोलक आत असतो. इथे घंटा पक्की बसवलेली आणि तिच्या बाहेर चार बाजूंना चार हातोडे सैल टांगलेले. लाटेनं बोया ज्या बाजूला कलेल, त्याप्रमाणे कुठलातरी हातोडा घंटेवर येऊन आपटतो. त्याला ताल नसतो. दोन ठोके लागोपाठ, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम तीन. मी हा आवाज फक्त ध्वनिमुद्रणात ऐकलाय, पण एकदा ऐकल्यावर विसरत नाही. उत्सव संपल्यावर रिकाम्या देवळात कुणी लहान पोर घंटेशी खेळत असावं तसा.

पाण्यानं वाजणारी घंटा आपल्याला अगदीच अनोळखी नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. वाईजवळ मेणवलीला आहे तशीच एक नाशिकला नारोशंकराच्या देवळाच्या कमानीत आहे. गोदावरीच्या पुराचं पाणी तिच्यापर्यंत पोचलं की ती वाजते आणि मग नाशिककरांनी काय ते समजायचं, असं म्हणतात. अर्थात ती वाजेपर्यंत थांबायचं कुणी, हा प्रश्न आहेच.

हा विषय माझ्या मागे लागला तो सुरतेत. सुरत म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, साड्या आणि शिवाजी महाराज. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन तिकडे गेली त्याला आता तीस वर्षं होतील. खानदेशातून कामासाठी गेलेल्या लाखो मराठी माणसांचं ते शहर आहे. आपल्या भागातून गेलेले मोजकेच, त्यामुळे अक्काचं मराठी आता निम्मं अहिराणी, निम्मं गुजराती झालंय. फक्त रागावली की ती कानडीत येते. दाजी हजिऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. २०२२ च्या डिसेंबरात गेलो होतो तेव्हा चहा पिता पिता त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मास्तर, तुम्ही वर्गात सांगता ना, सुरत हे मोगलांचं सगळ्यात मोठं बंदर होतं? मग चला, मला सुरतेत समुद्र दाखवा."

समुद्र सुरतेत नाहीच. शहर तापीच्या काठावर आहे आणि समुद्र तिथून वीसेक किलोमीटर लांब. तापीच्या मुखात वाळूचे दांडे, त्यामुळे मोठी जहाजं नदीत शिरू शकत नसत. ती थांबत मुखाच्या उत्तरेला, सुवाळीला. तिथे किनाऱ्याला समांतर वाळूचा एक लांब बांध होता आणि त्याच्या आड खोल पाण्याची चिंचोळी पट्टी. इंग्रजांच्या कागदांत ती 'स्वाली होल' या नावानं येते. माल तिथे उतरायचा, मग होड्यांतून किंवा बैलगाड्यांतून शहरात. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथेच उतरून जहांगीराच्या दरबारी गेला. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली ती शहरात. जहाजांचा तळ बाजूला, सुवाळीला होता.

आणि हा समुद्र डोळ्यांना फसवणारा आहे. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं, तोंडाशी रुंद आणि आत अरुंद. भरतीचं पाणी त्यात कोंडत वर चढतं. उधाणाला भावनगरकडे भरती-ओहोटीतलं अंतर दहा मीटरच्या वर जातं, हजिऱ्याजवळ ते साधारण सहा मीटर असतं. सहा मीटर म्हणजे दुमजली घर. दिवसातून दोनदा दुमजली घराएवढं पाणी येतं आणि दोनदा निघून जातं, तेही गाळानं तांबूस झालेलं. आपण कारवारला किंवा मालवणला उभं राहून पाण्याखालची वाळू बघतो, तसं इथे घोट्याएवढ्या पाण्यातही स्वतःचा पाय दिसत नाही. भरतीला सगळी एकसारखी सपाट चादर. जहाजाखाली दहा मीटर पाणी आहे की दोन, हे वरून कळायला मार्ग नाही.

१६१२ च्या नोव्हेंबरात याच पाण्यात टॉमस बेस्ट या इंग्रज कप्तानाची पोर्तुगीजांशी लढाई झाली. बेस्टकडे दोनच जहाजं होती, समोर चार मोठी गलबतं आणि बरोबर लहान होड्यांचा ताफा. त्या लढाईत पोर्तुगीजांची गलबतं वाळूत रुतली. इंग्रजी पुस्तकांत या लढाईचं वर्णन मोठ्या अभिमानानं येतं. मला नेहमी वाटतं की त्या अभिमानातला थोडा वाटा सुवाळीच्या वाळूलाही द्यायला हवा. पुढच्याच वर्षी इंग्रजांना सुरतेत वखारीचं फर्मान मिळालं, आणि नंतरचा इतिहास आपण परीक्षेपुरता तरी वाचलेला असतो.

कारवारच्या आणि सुरतेच्या समुद्रातला फरक दाजींनी मला चांगला समजावला. कारवारसमोर देवगड बेटावर दीपगृह आहे, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरही आहे. तिथला धोका खडकाचा आणि खडक जागचा हलत नाही, म्हणून त्यावर दगडी दिवा बांधता येतो. सुरतेचा धोका वाळूचा. वाळू दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. ज्या 'स्वाली होल'मुळे सुरतेचा व्यापार चालला तेही पुढे गाळानं भरलं. आजही तेच. समोरच्या घोघ्याहून दहेजला २०१७ साली मोठ्या थाटात फेरी सुरू झाली आणि दोनच वर्षांत पाण्याची खोली पुरेना म्हणून बंद पडली. तेव्हा इथे हजिऱ्याला दीपगृह आहे ते आहेच, पण धोकाच सरकत असेल तर खूणही सरकवता येणारी लागते. म्हणून बोये.

बोये नव्हते तेव्हा काय करत? दिवसा किनाऱ्यावरची एखादी ठळक गोष्ट धरून जहाज हाकत. तापीच्या मुखाशी अशी एक खूण होती, तिची कथा विलक्षण आहे. जॉन वॉक्स नावाचा इंग्रज कंपनीचा एक अधिकारी, मुंबईत आधी न्यायाधीश आणि पुढे उपगव्हर्नर झाला. १६९७ साली तापीत होडी उलटून तो बायकोसह बुडाला. नदीच्या मुखाजवळ त्याची घुमटाची कबर बांधली, आणि येणारी जहाजं त्या घुमटाकडे बघून नदीचं तोंड ओळखू लागली. 'वॉक्सची कबर' ही पुढे खलाशांची नेहमीची खूण झाली. बुडालेल्या माणसाकडे बघून बाकीच्यांनी वाचायचं. (त्याच भागात टॉम कॉरियट या अवलियाचीही कबर दाखवतात. हा गडी इंग्लंडहून निघून बराचसा प्रवास पायीच करत अजमेरला पोचला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेत वारला. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

पण घुमट दिवसा दिसतो, तोही हवा स्वच्छ असेल तर. रात्री दिवा लागतो. आणि धुकं पडलं किंवा पावसाची झड आली की दिवाही नाही आणि घुमटही नाही. मग उरतो आवाज. जुनी जहाजं धुक्यात ठरावीक वेळानं तोफेचा बार काढत, एकमेकांपासून फुटू नये म्हणून.

आवाज आणि उजेड यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथे आहे. दिवा दिसायला तुम्ही त्याच्याकडे बघावं लागतं. आवाज न बघणाऱ्यालाही गाठतो. झोपेला आलेल्या, पाठमोऱ्या, जाळ्याशी झटणाऱ्या माणसालाही. घरातही बघा, मूल रांगत चुलीकडे निघालं तर आपण हात हलवून खुणा करत नाही, ओरडतो.

एकोणिसाव्या शतकात या आवाजांवर मोठी डोकी खपली. कॅनडात सेंट जॉन बंदराच्या तोंडाशी पार्ट्रिज बेटावर १८५९ साली वाफेचा पहिला भोंगा बसला, रॉबर्ट फाउलिस याच्या कल्पनेतून. सांगतात ते असं, की धुक्यातून घरी येताना त्याला मुलीचा पियानो ऐकू आला, पण त्यातले खालचे सूरच तेवढे पोचत होते. म्हणून जहाजांचे भोंगे खर्जात बोलतात. पुढे शिट्टीचा बोया निघाला. त्याची युक्ती मला घंटेपेक्षाही आवडते. बोयाच्या पोटातून एक लांब नळी खाली पाण्यात सोडलेली, बुडाला उघडी. लाटेबरोबर बोया वर-खाली होतो, पण नळीतलं खोलवरचं पाणी जवळजवळ जागच्या जागी राहतं. त्यामुळे बोया वर गेला की नळीत हवा ओढली जाते, खाली आला की तीच हवा दाबली जाऊन शिट्टीतून बाहेर पडते. समुद्रच श्वास घेतो आणि समुद्रच शिट्टी वाजवतो. पेटीचा भाता ज्यांनी मारलाय त्यांना हे लगेच कळेल.

आता यातली खोट. धुकं बहुधा कधी पडतं? वारा पडलेला असतो तेव्हा. आणि वारा पडला की लाटा मंदावतात. म्हणजे जेव्हा घंटेची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तेव्हाच ती गप्प राहण्याची शक्यता जास्त. हे कळल्यावर कुठे घड्याळाच्या यंत्रानं, कुठे दाबलेल्या वायूनं, पुढे विजेनं ठोके देण्याच्या सोयी झाल्या. पण दुसरी खोट यंत्रानं सुटणारी नव्हती. जॉन टिंडल या शास्त्रज्ञानं १८७३ साली इंग्लंडच्या साउथ फोरलंड इथे भोंगे, शिट्ट्या, तोफा किनाऱ्यावर लावून समुद्रात कुठवर ऐकू येतात ते महिनोन्महिने तपासलं. त्याच्या हाती आलं ते उफराटंच. दाट धुक्यात आवाज दूरवर पोचला आणि लख्ख उन्हाच्या, शांत दिवशी तीन मैलांवर काही ऐकू येईना. हवेचे गरम-थंड थर न दिसणाऱ्या ढगांसारखे आवाज अडवतात, वळवतात, परत फेकतात. म्हणून दर्यावर्दींना बजावून ठेवलेलं असतं की आवाजाच्या मोठेपणावरून अंतर ठरवू नका, आणि भोंगा ऐकू येत नाही म्हणजे आपण त्याच्यापासून लांब आहोत असं तर मुळीच समजू नका.

हे वाचताना मला राहून राहून अक्काचा फोन आठवायचा. पूर्वी तिचा दर रविवारी फोन यायचा. एका वर्षी तीन-चार रविवार आला नाही आणि आम्ही सगळे म्हणालो, "सुखात असेल, कामात असेल." ती त्या महिन्यात दाजींच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढत होती. कळवलं नाही, कारण आम्हाला काळजी नको. असो.

खूण नुसती असून भागत नाही, ती समजावी लागते. १९७१ च्या जानेवारीत इंग्लिश खाडीत 'टेक्साको कॅरिबियन' हे तेलवाहू जहाज टकरीत फुटून बुडालं. दुसऱ्याच दिवशी 'ब्रांडेनबुर्ग' नावाचं जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग तिथे दिव्यांची जहाजं आणि बोये लावले. तरी काही आठवड्यांत 'निकी' हे तिसरं जहाज त्या सगळ्या खुणांमधून सरळ आत शिरलं आणि त्याच जागी बुडालं. तिन्ही मिळून एक्कावन्न माणसं गेली. त्या काळी जगात बोयांच्या तीसेक पद्धती चालू होत्या. एका देशात लाल रंगाचा जो अर्थ तो दुसऱ्या देशात उलटा. अखेर १९८० साली टोकियोत दीपगृहवाल्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि सगळ्या जगाची मिळून एक पद्धत ठरली. तीही पूर्ण एक नाहीच. जगाचे दोन विभाग पडले. आपल्याकडे, म्हणजे 'अ' विभागात, समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे आणि हिरवा उजवीकडे. अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपाइन्स यांच्या 'ब' विभागात नेमकं उलट. कुणीही आपला लाल रंग सोडायला तयार नव्हतं. पाट्यांवरून माणसं किती हट्टाला पेटतात, हे आपल्या भागातल्या वाचकांना मी काय सांगणार!

आवाजांचं व्याकरण मात्र जगभर एकच आहे. १९७२ साली टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांत ते दिलंय. लांब भोंगा म्हणजे चार ते सहा सेकंद, आखूड म्हणजे साधारण एक सेकंद. जहाजं एकमेकांना दिसत असताना एक आखूड, मी उजवीकडे वळतोय. दोन आखूड, डावीकडे. तीन आखूड, इंजिन उलटं चालवतोय. आणि पाच आखूड भराभर, म्हणजे 'तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही.' हा शेवटचा भोंगा आमच्या अक्काला फार आवडला, ती तो दाजींवर वापरते. धुक्यात नियम वेगळे. चालतं जहाज दोन मिनिटांच्या आत एकेक लांब भोंगा देत जातं. नांगरलेलं जहाज दर मिनिटाला पाच सेकंद घंटा खणखणवतं, आणि शंभर मीटर किंवा त्याहून लांब असेल तर नाळेवर घंटा आणि लगेच मागच्या टोकाला झांज, म्हणजे ऐकणाऱ्याला जहाजाची दोन टोकं कळावीत. मासेमारी करणारी होडी एक लांब, दोन आखूड. हे सगळं मराठी, कानडी, गुजराती, कोरियन खलाशाला सारखंच कळतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हजिऱ्याहून घोघ्याच्या फेरीत बसलो. ही फेरी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. रस्त्यानं तीनशे सत्तर किलोमीटर पडतात ते समुद्रातून नव्वदवर येतात, चारेक तासांत. बस, ट्रक, मोटारसायकली, लग्नाचं वऱ्हाड, सगळं एकाच जहाजात. निघताना लांबलचक भोंगा झाला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि एका आजींनी हात जोडले. दोन्ही बाजूंना लाल-हिरवे बोये लागले, माथ्यावर दिवे असलेले, ओढीच्या पाण्यात एका अंगाला कललेले. मी कान देऊन होतो. घंटा काही ऐकू आली नाही, इंजिनाच्या घरघरीत ऐकूही आली नसती. वर चालकाच्या खोलीत पडदे असतात, त्यांवर जहाजाची जागा, पाण्याची खोली, आजूबाजूची जहाजं सगळं दिसतं. मोठ्या जहाजाला आता कानांची तशी गरज नाही.

म्हणूनच जगभर हे आवाज बंद होत चाललेत. आयर्लंडनं २०११ च्या जानेवारीत आपल्या दीपगृहांवरचे सगळे धुक्याचे भोंगे थांबवले. रडार, उपग्रहाचा नकाशा, सगळं हाताशी आहे मग भोंग्यावर खर्च कशाला, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण तो हिशेब मोठ्या जहाजाच्या खोलीत बसून केलेला आहे. अलीकडे युद्धाच्या आसपासच्या समुद्रांत उपग्रहाचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात, तेव्हा चांगली चांगली जहाजंही चाचपडतात. आणि ज्याच्याकडे तो पडदा मुळातच नाही त्याचं काय? लाकडी होडी रडारवर नीट उमटत नाही, लाटांच्या गर्दीत तर हरवूनच जाते. हजिऱ्याच्या पाण्यात गॅसची अजस्र जहाजं येतात-जातात, त्याच पाण्यात तीन-चार माणसांच्या होड्याही असतात. जहाजाला होडी दिसली नाही तर जहाजाला कळणारही नाही की काही झालं.

परत आल्यावर दाजी मला त्यांच्या ओळखीच्या एका मच्छीमार काकांकडे घेऊन गेले. वय सत्तरीचं, होडी आता मुलगे चालवतात. मी विचारलं, धुक्यात काय करता? ते गुजरातीत बोलत होते, दाजी मध्ये मध्ये मराठी करत होते, पण गरज पडली नाही. मुलाकडे मोबाइलवर नकाशा आहे म्हणाले, चांगला आहे, पण तो मी कुठे आहे ते मला सांगतो, मोठ्या जहाजाला सांगत नाही. मग उठून होडीत गेले आणि एक ॲल्युमिनियमचं तपेलं काढून आणलं. भात शिजवायचंच, पण बुडाशी सगळीकडे पोचे पडलेले. बरोबर एक लाकडी दांडका.

नियमांत यालाही जागा आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. बारा मीटरपेक्षा लहान होडीवर भोंग्याची किंवा घंटेची सक्ती नाही. दुसऱ्या कशानंही, पण चांगला ऐकू जाईल असा आवाज दोन मिनिटांच्या आत पुन्हा पुन्हा करत राहावा, एवढंच तिला सांगितलंय. कशानं, ते लिहिलेलं नाही.

काकांनी तपेलं पालथं धरून दोन-चार टोले मारून दाखवले. आवाज चिरका होता, आणि अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. पहाटे धुकं उतरलं की एका पोरानं नाळेवर बसून हेच करायचं, म्हणाले, बाकीच्यांनी तोवर गप्प राहून ऐकायचं. किती वेळ, असं मी विचारलं. त्यांनी सूर्य वर येतो त्या दिशेला हात केला आणि म्हणाले, तेवढा वेळ एकाचा हात टिकत नाही, भरून येतो. मग तपेलं दुसऱ्याकडे द्यायचं.